नवीन भाजी आणली, आता हिचं करायचं काय?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की बाजारात रोज दिसतं पण घरात कधी आणलं नाही असं कुठलं फळ किंवा भाजी आहे, आणि आणलंच असेल तर पुढे त्याचं काय झालं. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी "शेवटी टाकून दिलं" या तीन शब्दांवर संपली! त्यातले काही प्रश्न इथे घेतेय, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मी उत्साहात काहीतरी नवीन उचलून आणते, कधी झुकिनी, कधी लीक, कधी बॉक चॉय. मग रेसिपी शोधते तर त्यात अजून पाच-सहा वस्तू अशा निघतात की ज्या घरात नाहीत. मग भाजी फ्रिजमध्ये मऊ पडते. सुरुवात नेमकी कुठून करू?

रेसिपी शोधणं पहिल्या दिवशी बंद करा, खरंच सांगते. भाजी नवीन असेल तर बाकी सगळं जुनं ठेवायचं, तेल तेच, मसाला तोच, भांडंसुद्धा रोजचंच. म्हणजे जेवताना जे काही वेगळं लागेल ते त्या भाजीचं आहे एवढं तरी कळतं. भाजी नवीन, सॉस नवीन, पद्धत नवीन असं सगळं एकदम केलं आणि आवडलं नाही तर नेमकं काय आवडलं नाही हेच समजत नाही आणि बिल मात्र भाजीच्या नावावर फाटतं.

दुसरं म्हणजे तिच्या घराण्याकडे बघा. झुकिनी ही काकडी-भोपळ्याच्या कुळातली, जवळजवळ ९५ टक्के पाणी, त्यामुळे झाकण ठेवून शिजवली की लगदा होणारच. अर्धा इंच जाड चकत्या करा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी पुसून टाका आणि पॅन चांगला तापल्यावरच एका थरात टाका, एकावर एक रचू नका, झाकू नका आणि सारखं ढवळू तर अजिबात नका. खालची बाजू तांबूस झाली की उलटायची, वरून लसूण आणि मिरपूड, झालं. (वरून परत मीठ घालण्याआधी चाखा, आधीच लागलेलं असतं.)

बॉक चॉय कोबीच्या कुळातली, पण तिचे पांढरे देठ आणि हिरवी पानं म्हणजे एका घरातले दोन वेगळे स्वभाव, देठ आधी टाकून दोन-तीन मिनिटं परता आणि पानं अगदी शेवटी, ती अर्ध्या मिनिटात बसतात. लीक कांद्याच्या घरातलं, जिथे कांदा परतता तिथे ते चालतं, सूपमध्ये तर कांद्यापेक्षा गोड लागतं. फक्त त्याच्या थरांमध्ये माती अडकलेली असते, वरून नळाखाली धरून ती जात नाही. उभं चिरून, मग आडवं कापून, पाण्याच्या भांड्यात हलवा आणि हाताने वर उचलून घ्या, चाळणीत ओतू नका, नाहीतर तळाशी बसलेली माती परत त्यावरच पडते.

प्रश्न : झुकिनी कडूजहर निघाली, शिजवल्यावरही कडूच. मिरपूड-लिंबू घालून खपवली तर चालेल का?

नाही, टाका. या कुळात कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात, खाण्यासाठी वाढवलेल्या वाणांत ती नगण्य असतात, पण कधीकधी, विशेषतः घरच्या बागेत बी धरून ठेवलेलं असेल आणि शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याशी संकर झाला असेल तर ती परत वाढतात. शिजवून ती जात नाहीत आणि पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात. म्हणून या जातीची कुठलीही भाजी चिरताना एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर थुंकून टाकायचा, पुढचं सगळं टळतं.

प्रश्न : ब्रोकोली आणि ब्रसेल्स स्प्राउट्स (ते लिंबाएवढे छोटे कोबी) मला आवडतात, ह्यांना मात्र दोन्ही कडू लागतात, वर वास येतो म्हणून घरभर खिडक्या उघडत फिरतात. नखरे आहेत की खरंच काही असतं?

खरंच असतं हो, बिचाऱ्यांना बोलू नका. १९३१ ची गोष्ट आहे, ड्युपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ एक पावडर हाताळत होता, ती थोडी हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी म्हणायला लागला की तोंड कडू झालं, फॉक्सला मात्र काहीच लागेना. दोघांनी चाखून बघितलं तरी तेच. फेनिलथायोकार्बामाइड म्हणजे पीटीसी नावाचं ते रसायन काही लोकांना भयंकर कडू लागतं आणि काहींना बेचव, आणि हे बरंचसं आनुवंशिक असतं. पुढे त्यामागचं मुख्य जनुक सापडलं, टीएएस२आर३८. कोबी-ब्रोकोलीच्या कुळात याच जातीची चव देणारी गंधकयुक्त द्रव्यं असतात, त्यामुळे एकाच ताटातली ब्रोकोली तुम्हाला गोडसर आणि ह्यांना कडू लागू शकते.

वासाचं म्हणाल तर तो चूक शिजवण्याचा. जास्त वेळ उकळलं की गंधकाचा वास सुटतो, जितका वेळ जास्त तितका वास जास्त. ब्रोकोली तीन-चार मिनिटं वाफवा, रंग झगझगीत हिरवा असतानाच उतरवा. स्प्राउट्स अर्धे कापून, तेल-मीठ चोळून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं, कडा काळपट तांबूस होईपर्यंत, ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पॅनमध्येही होतात. मीठ आणि स्निग्धपणा दोन्ही कडवटपणा दाबतात, त्यामुळे "हेल्दी" म्हणून बिनतेल-बिनमीठ उकडून वाढलं तर ह्यांची बाजू मी घेईन. उतरवल्यावर लिंबू पिळा.

एक गंमत म्हणजे ब्रोकोलीत सल्फोराफेन नावाचं जे द्रव्य सगळे नावाजतात ते अख्ख्या भाजीत तयार नसतंच, चिरल्यावर मायरोसिनेज नावाचं एन्झाइम मोकळं होतं आणि मग ते बनतं, आणि हे एन्झाइम फार उष्णतेत मरतं. म्हणून आधी चिरून ठेवा, बाकीची तयारी करा आणि मग शिजवा. आणि देठ फेकू नका, बाहेरची जाड साल काढली की आतला गाभा फुलापेक्षाही गोड असतो, मी तर तो चिरता चिरताच संपवते.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. ओळखीचं सोडून काहीही ताटात आलं की ताटच ढकलतो. प्युरी करून लपवून देऊ का?

या वयात हे अगदी नॉर्मल आहे, साधारण दोन ते सहा वर्षांत नवीन खाण्याची भीती सगळ्यात जास्त असते. लीअॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडींवर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार दिसली की नवीन चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा चाखायला मिळावी लागते. आपण मात्र दोन-तीनदा देऊन "ह्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

लपवून दिलं तर पोटात जाईल, पण ओळख काही होणार नाही, सॉसमधला पालक खाणाऱ्या मुलाला पानातला पालक परकाच राहतो. त्यापेक्षा नखाएवढा तुकडा, त्याच्या आवडत्या पदार्थाच्या बाजूला, काही न बोलता. हुंगला, चाटला, परत ठेवला तरी चालतंय. "हे खाल्लंस तर आइसक्रीम" हे मात्र नको, त्यातून तो एवढंच शिकतो की भाजी ही शिक्षा आणि आइसक्रीम हे बक्षीस. धुवायला, पानं तोडायला बरोबर घ्या. आणि तुम्ही स्वतः त्याच्यासमोर चवीने खा, नुसतं वाढून उठू नका.

प्रश्न : अॅव्होकाडो एक तर कच्चा निघतो नाहीतर काळा. मधला दिवस कधी येतो?

तो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावर पिकतो, त्यामुळे कडक घेतला तरी हरकत नाही. कागदी पिशवीत केळं किंवा सफरचंद सोबत ठेवा, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने लवकर पिकतो. बोटाने दाबू नका, डाग पडतो, तळहातात धरून हलकेच दाबा, थोडा दबला की तयार, मग फ्रिजमध्ये टाका, दोन-तीन दिवस थांबतो. सालीच्या रंगावर जाऊ नका, हास जातीचा पिकताना काळपट होतो पण काही जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात.

सगळ्यात सोपं म्हणजे काट्याने चेचून मीठ, लिंबू, मिरपूड घालून भाजलेल्या ब्रेडवर लावायचा, वर उकडलेलं अंडं. लिंबाने काळं पडणंही लांबतं. फार वेळ शिजवू नका, कडवट होतो. आणि पौष्टिक आहे म्हणून दोन-दोन खाऊ नका, १०० ग्रॅममध्ये साधारण १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम फॅट असतं, चांगल्या जातीचं असलं तरी फॅट ते फॅटच. सात ग्रॅमच्या आसपास फायबर मिळतं ही जमेची बाजू.

प्रश्न : कीवी दह्यात घालून ठेवली, तासाभराने कडू. दही खराब होतं का?

दही चांगलंच होतं. कीवीत अॅक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. खायच्या क्षणी मिसळा किंवा कीवी आधी थोडी शिजवून घ्या. जिलेटिनची जेली याच कारणाने कच्च्या कीवीबरोबर सेट होत नाही, अननसाचंही तसंच. जीभ जराशी चुणचुणली तर ठीक, पण ओठ सुजले, घशात खाज आली तर ती अॅलर्जी समजा आणि पुन्हा खाऊन बघू नका. रबरी हातमोज्यांची, म्हणजे लॅटेक्सची, अॅलर्जी असलेल्यांना कीवी, केळं, अॅव्होकाडो यांचाही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : पर्सिमन (ते टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ) खाल्लं आणि तोंड असं आवळलं की बोलता येईना!

कच्चं खाल्लंत. टॅनिन असतं ते. टोकदार, लांबट जातीचं पर्सिमन अगदी जेलीसारखं लिबलिबीत होईपर्यंत थांबावं लागतं, चपटं फुयू मात्र सफरचंदासारखं कडक खाता येतं. घाई असेल तर अख्खं फळ रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, वितळलं की तुरटपणा बराच गेलेला असतो, चमच्याने काढून सरबतासारखं खा.

प्रश्न : घरात वडिलांना किडनीचा त्रास आहे, आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. नवीन काही आणायचं तर कशापासून जपू?

इथे प्रयोग नको, आधी यादी घेऊन डॉक्टरांना विचारा. स्टारफ्रूट म्हणजे पंचकोनी चांदणीसारखं कापलं जाणारं फळ, ते किडनीच्या रुग्णाने अजिबात खायचं नाही. त्यातलं विषारी द्रव्य निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही आणि न थांबणारी उचकी, गोंधळ, झटके असं काहीही होऊ शकतं, मृत्यूही झालेत. ब्राझीलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ते द्रव्य शोधून काढलं, कॅराम्बॉक्सिन त्याचं नाव. अॅव्होकाडोत पोटॅशियम बरंच असतं, तेही वडिलांसाठी विचारूनच.

आईची गोळी वॉरफरिन असेल तर केल, पालक अशा व्हिटॅमिन के भरपूर असलेल्या पानांचं प्रमाण अचानक वाढवायचं नाही, अचानक बंदही नाही, रोजचं ठरलेलं तेवढंच. आणि ग्रेपफ्रूट, ते काही कोलेस्टेरॉलच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठू देतं, सकाळी फळ आणि रात्री गोळी असं अंतर ठेवूनही हा परिणाम पूर्ण जात नाही.

प्रश्न : ड्रॅगन फ्रूटची एवढी हवा आहे, खाल्लं तर चवच नाही. सुपरफूड म्हणून गिळावं का?

गिळू नका. सुपरफूड हा दुकानाचा शब्द आहे, डॉक्टरांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यात ड्रॅगन फ्रूटच हवं असं कुठे नाही. नवीन फळ आणायचं ते चवीसाठी, गंमत म्हणून, नाही आवडलं तर परत नाही आणायचं, एवढं सोपं आहे. हे मात्र एकदा नीट गार करून, चौकोनी तुकड्यांवर लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून बघा, किंवा पॅशन फ्रूटचा गर वर ओता, त्याचा आंबटपणा याला हवाच असतो. (पॅशन फ्रूट गुळगुळीत नको, सुरकुतलेलं घ्या, तेच पिकलेलं.) पांढऱ्या गरापेक्षा लाल गराचं मला थोडं गोड वाटतं. आणि ते लाल भरपूर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये गुलाबी रंग दिसला तर दवाखान्यात पळू नका, बीटसारखाच तो फळाचा रंग आहे, आपोआप जातो.