रोव्हर हातात घेण्याआधी

जीपीएसने मोजणी करायची तर बेस, म्हणजे एका जागी रोवलेला रिसीव्हर, सड्यावर (कातळाच्या पठारावर) लाव, उघड्या आभाळाखाली. माडापोफळीच्या आगरात उपग्रहांचे सिग्नल अडतात, पत्र्यावरून उलटून येतात आणि रोव्हर, म्हणजे बिंदूबिंदूवर फिरवायचा रिसीव्हर, फ्लोटवरच (अंदाजी उत्तरावरच) अडकतो. फिक्स, म्हणजे पक्कं उत्तर, आल्याशिवाय बिंदू घेऊ नकोस. जेमतेम १९ सेंटिमीटरच्या वाहक लहरींचे पूर्ण फेरे बिनचूक ठरले, तरच सेंटिमीटरची अचूकता मिळते. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढली, पण बेस-रोव्हरवाले त्यातून आधीच सुटले होते, कारण दोन्हीकडे तीच चूक येते आणि वजाबाकीत जाते.

खरी गंमत उंचीची. रत्नागिरीच्या पुळणीवर उणे साठ-सत्तर मीटर दिसले, तर यंत्र बिघडलं समजू नकोस. ती लंबवर्तुळाभावरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारावरून मोजलेली उंची. समुद्रसपाटीची हवी तर जिऑइड मॉडेल (त्या आकारापासून समुद्रसपाटी किती वर-खाली ते सांगणारं) लाव नि बेंचमार्कवर, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेवर, ताडून बघ. खारभूमीच्या बांधाला मी तरी सरळ ऑटो लेव्हलच (पातळी मोजायची दुर्बीण) काढतो.