पुस्तकं समोर, तरी पेपर अर्धवट

“मॅडम, पुस्तकं सोबत घेऊन पेपर होता, तरी मी नापास झालो. हे घरी सांगू कसं? आणि मुळात असल्या परीक्षेचा अभ्यास तरी करतात कसा?”

फ्लोरिडात राहणाऱ्या एका गृहस्थांनी मला फोनवर हे विचारलं. परदेशातल्या कंत्राटदाराची ही अडचण तशी दूरची वाटेल, पण याच चिंतेने ग्रासलेले वकिलीचे पदवीधर माझ्याकडे नेहमी सल्ल्याला येतात, कारण वकिली करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेत टिपा न लिहिलेले बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्यांच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं, सोबत नेता येतात. ‘पुस्तक बघून लिहायचं, मग त्यात काय एवढं’ हे घरातल्यांचं वाक्य दोघांनाही सारखंच लागतं. म्हणून या गृहस्थांची हकीगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असा तपशील बदलून लिहिते आहे.

मूळचे सांगली जिल्ह्यातले. सिव्हिलचा डिप्लोमा, मग इथे साइटवर काही वर्षं आणि नंतर नातेवाइकांच्या ओळखीने अमेरिका. तिथे इमारती पाडणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर म्हणून मुरलेले. फ्लोरिडा राज्यात पाडकामाचा स्वतंत्र परवाना मिळतो. तो घेऊन स्वतःच्या नावावर कामं घ्यायची हा त्यांचा बेत. परीक्षेला दोन पेपर, एक कामाच्या ज्ञानाचा आणि एक धंद्याच्या हिशेबाचा. दोन्ही पेपरांना ठरवून दिलेली पुस्तकं नेता येतात आणि पास व्हायला 70 टक्के गुण लागतात. त्यांचा पहिलाच पेपर गेला होता.

किती प्रश्न चुकले, हे मी विचारलं नाही. किती प्रश्न वाचायचेच राहिले, ते विचारलं. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, “शेवटचे बरेच. घाईघाईत कुठेही टिचक्या मारल्या.” मला जे हवं होतं ते यात मिळालं. ज्याला विषय येत नाही तो माणूस पेपरभर सगळीकडे अडखळतो. यांचा पेपर मात्र अर्ध्यापर्यंत उत्तम होता आणि पुढे कोसळला होता.

पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर त्यांना पुस्तक घेऊन बसायला सांगितलं. तिथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांचं जाडजूड पुस्तक, ‘29 सीएफआर 1926’ म्हणतात ते, त्यांनी कॅमेऱ्यासमोर आणलं. त्यातला पाडकामाचा भाग म्हणजे कलम 850 ते 860, जेमतेम काही पानांचा. पण पानांच्या कडेला इतक्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या की कागद दिसेना.

मी पहिला प्रश्न वाचला: इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि मजले पाडायला सुरुवात कुठून करायची? “वरून. एक मजला पूर्ण उतरवल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही,” त्यांनी क्षणात सांगितलं. उत्तर बरोबर होतं. तरी बोटं पानं उलटत राहिली. कलम सापडेपर्यंत ते थांबलेच नाहीत.

दुसरा प्रश्न: क्रेनला लटकवलेल्या पाडकामाच्या गोळ्याचं वजन किती असावं? “क्रेनच्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंत,” तेही लगेच. पुन्हा पानं उलटणं, पुन्हा तेवढाच वेळ. पण या वेळी पुस्तकात आणखी अर्धं उत्तर निघालं. क्रेनच्या त्या स्थितीतल्या क्षमतेच्या 50 टक्के, किंवा गोळा ज्या दोरावर लटकतो त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या 25 टक्के, यातलं जे कमी भरेल ते. पर्यायांत फक्त ‘50 टक्के’ दिलेला पर्याय होताच. तोच त्यांनी निवडला असता.

दोन्ही प्रश्नांना त्यांनी सारखाच वेळ दिला, अडचण तिथे होती. ज्याच्यासाठी पुस्तक उघडायला हवं होतं आणि ज्याच्यासाठी अजिबात नको होतं, ते दोन्ही त्यांनी एकाच धास्तीने उघडलं. दर प्रश्नाला मोजकीच मिनिटं मिळत असताना असं चाललं की पेपर पुरा होणं शक्यच नाही.

ही धास्ती येते कुठून, हे विचारल्यावर ते आधी दहावीच्या दिवसांबद्दल बोलले. एक मार्क गेला तरी वडील पेपर परत काढून दाखवायला लावत. मग सावकाश दुसरं कारण बाहेर आलं. 5 जून 2013 ला फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटवर पाडकाम चालू असलेल्या इमारतीची आधार न दिलेली भिंत शेजारच्या एकमजली दुकानावर कोसळली. दुकानातली माणसं जागीच गेली, काही तासन्‌तास ढिगाऱ्याखाली अडकली. सुरक्षेच्या प्रशिक्षणात त्यांना त्या जागेचे फोटो दाखवले होते. “एका मजल्यापेक्षा उंच भिंत आधाराशिवाय एकटी उभी ठेवायची नाही, हे पुस्तकात लिहिलेलंच आहे मॅडम. कुणीतरी ते पान उघडलं नाही. मी कसा न बघता पुढे जाऊ?”

या माणसाबद्दल मला त्या क्षणी फार आदर वाटला, आणि तसं मी त्यांना सांगितलं. अशी भीती असलेल्या कंत्राटदाराच्या साइटवर मजूर सुरक्षित असतात. पण पेपर म्हणजे साइट नव्हे. साइटवर एकही चूक चालत नाही, म्हणून तिथे माहीत असलेलंही पुन्हा तपासायचं, आणि तिथे त्यासाठी हवा तेवढा वेळ काढता येतो. पेपरात 30 टक्के चुकलं तरी चालतं, वेळ मात्र मोजून मिळतो. नेमका नियम वेळेत सापडतो का, एवढंच तिथे बघतात. साइटवरची सावधगिरी परीक्षेच्या खोलीत वापरली, म्हणून चांगला सुपरवायझर नापास झाला. त्यात लाज वाटावी असं काही नाही.

यानंतर काम सोपं झालं, पण मेहनतीचं होतं. प्रत्येक उत्तर पडताळायचं नाही, हे नुसतं ठरवून जमत नाही. कोणतं पडताळायचं ते आधी ओळखता यावं लागतं. त्यांच्या बाबतीत आम्ही असं ठरवलं: हातांना माहीत असलेलं, म्हणजे वरून खाली पाडणं किंवा वीज, गॅस, पाणी इमारतीच्या हद्दीबाहेर बंद करूनच कामाला लागणं, हे थेट उत्तर लिहून सोडायचं. ज्यात आकडा आहे आणि आकड्याला ‘यातलं कमी ते’, ‘अपवाद वगळता’ अशी शेपटी आहे, तिथे पुस्तक उघडायचंच. उदाहरणार्थ, मजल्याला भोक पाडून राडारोडा खाली टाकायचा असेल तर खाली 42 इंच उंचीचे अडथळे लावायचे आणि ते वरच्या भोकाच्या कडेच्या रेषेपासून निदान 6 फूट दूर ठेवायचे. यातला एक आकडा आठवतो, दुसरा निसटतो. राडारोड्यासाठी मजल्यात किती मोठी भोकं पाडायची यालाही मर्यादा आहे, एकूण क्षेत्रफळाच्या 25 टक्के, तीही मजल्याचा बाजूचा आधार शाबूत नसेल तर.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक. कंपनीत रोज जे केलं तेच नियम असणार, असं वाटायला लावणारे प्रश्न. अॅस्बेस्टॉसबद्दल (जुन्या बांधकामात सापडणारा, फुप्फुसांना घातक तंतू) सरकारला द्यायच्या सूचनेचा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, “अॅस्बेस्टॉस नसेल तर सूचना कशाला?” त्यांच्या कंपनीत ते कागद ऑफिस बघायचं, यांच्यापर्यंत कधी आलेच नाहीत. प्रत्यक्षात पाडकाम सुरू करण्याच्या निदान 10 कामकाजाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते, अॅस्बेस्टॉस सापडलं नसलं तरी. चारपर्यंत घरांच्या छोट्या निवासी इमारतीला साधारणपणे सूट असते, एवढंच. अनुभवी माणसाने आपला आत्मविश्वास कुठल्या विषयात उसना आहे हे शोधून ठेवावं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऑफिसकडे जाणाऱ्या कामांची यादी काढली आणि त्या विषयांना पुस्तक उघडायचं ठरवलं.

सरावाची पद्धत मला सगळ्यात आवडते ती सांगते. त्यांच्या पत्नीने रात्री जेवणं झाल्यावर प्रश्न वाचायचे आणि यांनी उत्तर द्यायचं नाही. उत्तर कुठे सापडेल तेवढं सांगायचं. कुठलं पुस्तक, कुठलं प्रकरण, सूचीत कोणत्या शब्दाखाली. मग पान उघडून खात्री करायची. सुरुवातीला त्यांना राग आला. उत्तर येत असताना गप्प बसणं त्यांना जड जाई. “अहो, उत्तर नको, पान सांगा,” असं त्या बजावत राहिल्या. पण हळूहळू पुस्तकाचा नकाशा डोक्यात बसला, आणि नकाशा बसला तशी धास्ती उतरली. सापडणार याची खात्री असली की शोधायची गरज कमी वाटते. बार परीक्षा देणाऱ्या मुलांनाही मी हेच करायला लावते, आणि सगळ्यात लवकर फरक दिसतो तो याच सरावाने.

चिठ्ठ्यांचं पुढे आलंच. उमेदवारांच्या पुस्तिकेत नियम स्पष्ट आहे. कायमच्या चिकटलेल्या टॅब चालतात, हायलायटरच्या खुणा चालतात, काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, सुटे कागद आणि हाताने लिहिलेल्या टिपा चालत नाहीत. आवृत्तीही यादीशी ताडून बघावी लागते. नव्याने तयारी करताना त्यांनी जुनं अभ्यासाचं पुस्तकच न्यायचं ठरवलं होतं. त्याच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं होतं, ‘आधी लेखी पाहणी!’, ‘गॅसवाल्यांना कळवणे’. ते सगळं खोडरबराने पुसावं लागलं. टॅब फक्त प्रकरणांच्या सुरुवातीला, व्याख्यांना आणि दोन-चार तक्त्यांना ठेवल्या. जिथे प्रत्येक पानाला खूण असते तिथे कुठल्याच खुणेचा उपयोग नसतो.

पेपराच्या क्रमाबद्दल थोडक्यात: पहिल्या फेरीत पुस्तक मिटलेलं ठेवून येतं ते सगळं लिहायचं आणि बाकीच्यांना खूण करून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले प्रश्न पुस्तकांप्रमाणे एकत्र घ्यायचे, म्हणजे तेच पुस्तक पुन्हापुन्हा उचलावं लागत नाही.

घरी सांगण्याचा प्रश्न राहिला होता. पत्नीला माहीत होतं, सांगलीच्या दादांना नव्हतं. मी म्हटलं, ‘नापास झालो’ एवढंच सांगाल तर दादा उरलेलं मनाने भरतील. काय झालं ते पूर्ण सांगा, वेळ कुठे गेला तेही. त्यांनी सांगितलं. दादांनी पुढची तारीख विचारली आणि फीला पैसे हवेत का ते विचारलं.

दुसऱ्या खेपेला कामाचा पेपर निघाला. आता ते हिशेबाच्या पेपराबद्दल विचारतात, तीच पद्धत चालेल का. कायदे, करार आणि विम्याच्या प्रश्नांना चालेल. पण त्यात ताळेबंद आणि कामाच्या खर्चाची गणितंही असतात, आणि ती पान सापडून सुटत नाहीत. त्यासाठी कॅल्क्युलेटर घेऊन रोज थोडी गणितं हाताने करायची आहेत. त्यांच्या पत्नी बँकेत होत्या, म्हणून या भागाचं वेळापत्रक मी त्यांच्याकडे सोपवलं आहे.