वाचकांचे प्रश्न : कम्पोनंटवरचे पहिले पुस्तक कसे पारखावे?

प्रश्न : मी एका विमा कार्यालयात नोकरी करते. बी.कॉम. झाल्यावर संध्याकाळच्या वर्गात जावा शिकले. क्लास, ऑब्जेक्ट, इंटरफेस एवढे येते. आता कम्पोनंटवर आधारलेले सॉफ्टवेअर कसे बांधतात ते पुस्तकातून शिकायचे आहे. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर एंटरप्राइझ जावाबीन्सवरचा (म्हणजे जावामध्ये सर्व्हरवर चालणारे कम्पोनंट लिहिण्याच्या तंत्रावरचा) जाडजूड ग्रंथ दीडशे रुपयांत मिळतो आहे, फोर्टमधील एका दुकानात रिअ‍ॅक्टवरचे पुस्तक (म्हणजे वेबपानांचे पडदे कम्पोनंटमधून बांधणाऱ्या लायब्ररीवरचे) त्याच्या पाचपट किमतीला आहे, आणि वर्गातले सर म्हणतात की आधी सिद्धान्ताचे पुस्तक वाचा. कोणते घ्यावे?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुम्हाला इंटरफेस, म्हणजे एखाद्या भागाला बाहेरून कोणकोणती कामे सांगता येतात याची यादी, येतो. ज्यांना तो येत नाही त्यांनी या विषयाच्या पुस्तकाला इतक्यात हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कम्पोनंट म्हणजे बाहेरून काय घेणार, काय देणार आणि चालण्यासाठी आणखी कशाची गरज लागणार, हे तिन्ही उघडपणे सांगणारा आणि आतला कारभार मात्र झाकून ठेवणारा सॉफ्टवेअरचा भाग. त्यामुळेच तो दुसऱ्या कोणी लिहिलेला असला तरी आपल्या प्रोग्राममध्ये बसवता येतो आणि उद्या काढून त्याच्या जागी दुसरा लावता येतो. तेव्हा पुस्तक हातात घेतल्यावर पाहायचे ते हेच, की लेखक वाचकाकडून एखादा कम्पोनंट खरोखर बदलून घेतो की नुसती व्याख्या देऊन पुढे सरकतो.

एखाद्या वाचनालयाचा छोटा प्रोग्राम घ्या. पुस्तक उशिरा परत आले तर दंड मोजणारा एक कम्पोनंट त्यात आहे. त्याला परतीची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष परत केल्याची तारीख द्यायची, तो रुपये सांगतो. काही दिवसांनी समितीने ठरवले की रविवार मोजायचे नाहीत. चांगल्या पुस्तकात या टप्प्यावर लेखक त्याच इंटरफेसचा दुसरा कम्पोनंट लिहायला सांगतो, तो पहिल्याच्या जागी लावतो, आणि पावती छापणाऱ्या किंवा पडद्यावर यादी दाखवणाऱ्या भागातली एक ओळही बदलावी लागली नाही हे दाखवून देतो. ज्या पुस्तकात पावती छापणारा भागच परस्पर दंडाचे गणित करत बसतो, त्यातली उदाहरणे चालतात खरी, पण नियम बदलला की तीन फाइली उघडाव्या लागतात, आणि शिकणाऱ्याला आपण नेमके काय शिकलो हे शेवटपर्यंत कळत नाही. दुकानात उभ्याउभ्या असे प्रकरण शोधायला दहा मिनिटे पुरतात. फोर्टमधले दुकानदार पुस्तक चाळू देतात, त्याचा अवश्य फायदा घ्यावा.

फूटपाथवरचा ग्रंथ घेऊ नका. एंटरप्राइझ जावाबीन्सचे तंत्र 1998 साली आले, आणि 2006 साली त्याची 3.0 आवृत्ती येईपर्यंत एका साध्या कामासाठीही होम इंटरफेस, कामाचा इंटरफेस, बीनचा (म्हणजे त्या कम्पोनंटचा) क्लास आणि वर एक्सएमएलमधले वर्णन इतका पसारा मांडावा लागत असे. जुन्या पुस्तकांची निम्मी पाने या पसाऱ्यातच खर्च होतात. त्यानंतरचे पुस्तक असले तरी त्यातली उदाहरणे आजच्या सर्व्हरवर जशीच्या तशी चालण्याची शक्यता कमीच, कारण हे तंत्र ज्या जावा संचात मोडते त्या जकार्ता ईईच्या 2020 सालच्या नवव्या आवृत्तीपासून पॅकेजची (क्लासच्या गटांची) नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. अनुभवी माणूस हा फरक चुटकीसरशी दुरुस्त करतो. नवशिक्याला मात्र चूक आपली की पुस्तकाची, हेच उमगत नाही, आणि पुष्कळ जण नेमके इथेच शिकणे सोडून देतात. दीडशे रुपयांपेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

रिअ‍ॅक्टचे पुस्तक घ्यायला हरकत नाही, मात्र पहिले उदाहरण वाचूनच. तिथे पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी ‘रिअ‍ॅक्टडॉम.रेंडर’ वापरले असेल तर ते पुस्तक 2022 साली आलेल्या अठराव्या आवृत्तीच्या आधीच्या पद्धतीचे आहे. एकोणिसाव्या आवृत्तीतून ती सोय काढूनच टाकली आहे. त्याऐवजी आलेले ‘क्रिएटरूट’ दिसले तर पुढे वाचा. सगळे कम्पोनंट क्लास म्हणून लिहिले असतील तर ते 2019 साली हुक्स (साध्या फंक्शनच्या कम्पोनंटलाही माहिती लक्षात ठेवू देणारी सोय) येण्यापूर्वीचे लिखाण समजावे. याहून महत्त्वाचे म्हणजे कम्पोनंटला लागणारी माहिती प्रॉप्समधून (म्हणजे तो वापरताना बाहेरून उघडपणे दिलेल्या मूल्यांतून) दिली आहे, की तो ती बाहेरच्या कुठल्यातरी सामाईक व्हेरिएबलमधून गुपचूप उचलतो, ते पाहा. पहिली पद्धत असेल तर लेखकाला विषय कळला आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवा, की रिअ‍ॅक्ट जावास्क्रिप्टमध्ये चालते. तुमच्या जावाचा उपयोग विचारापुरता होईल, लिहिण्याची भाषा नव्याने शिकावी लागेल.

सरांच्या सल्ल्यामागची तळमळ मी समजू शकतो. सॉफ्टवेअरचे सुटे भाग तयार मिळावेत आणि त्यांतून निवड करता यावी, हा विचार डग्लस मॅकिलरॉय यांनी 1968 साली जर्मनीतील गार्मिश येथील नाटो परिषदेत मांडला होता, आणि तो आजही शिळा झालेला नाही. सिद्धान्ताचे पुस्तक म्हणूनच दहा वर्षांनीही कामी येते. परंतु स्वतःच्या हातांनी चारदोन कम्पोनंट जोडून पाहिल्याशिवाय त्यातली वाक्ये पटली तरी अंगी मुरत नाहीत. ते दुसरे पुस्तक म्हणून घ्या, आणि ते मात्र फूटपाथवर जुने मिळाले तरी खुशाल घ्या.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बी.एस्सी. आयटीला गेला आहे. त्याला अजून एकही भाषा येत नाही. मित्रांचे पाहून तो थेट रिअ‍ॅक्टच्या पुस्तकापासून सुरुवात करू म्हणतो. चालेल का?
— एक पालक, परळ

उत्तर : चालणार नाही. आधी जावास्क्रिप्टचे साधे पुस्तक घेऊन द्या. फंक्शनला माहिती देणे आणि त्याच्याकडून उत्तर घेणे, अ‍ॅरेवर ‘मॅप’ चालवणे (यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम करून नवी यादी मिळवणे), आणि एका फाइलमध्ये लिहिलेले फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये ‘इम्पोर्ट’ करणे, इतके पुस्तक न उघडता लिहिता आले की त्याला रिअ‍ॅक्टकडे जाऊ द्यावे. कॉलेजच्या ग्रंथालयात जावास्क्रिप्टचे पुस्तक मिळाले तर विकतही घेऊ नका.