यादी नको, पाच-सहा पुस्तकं झिजव

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला शिकायचंय, तर कुठली पुस्तकं घेऊ, असं विचारलंस. खरं सांगू? लांबलचक यादीचा उपयोग नाही. मोजकीच घे, पण पार खिळखिळी होईपर्यंत वापर.

अमेरिकन चित्रकार-लेखक मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (१९६३) हे मुलांचं चित्रपुस्तक मिळालं, तर गोष्ट बाजूला ठेवून फक्त चित्रांचा आकार बघत जा. सुरुवातीला पांढऱ्या समासात कोंडलेलं छोटंसं चित्र. पानागणिक ते पसरतं आणि गोष्टीतल्या राक्षसांचा दंगा सुरू झाला की सलग तीन जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) नुसती चित्रं, एक शब्द नाही. परतताना चित्र पुन्हा आक्रसतं. शेवटच्या पानावर तर चित्रच नाही. प्रत्येक पानासाठी काडेपेटीएवढी चौकट काढून त्यात चित्र आणि मजकुराची जागा खुणावून ठेव. लय डोळ्याआधी हाताला कळते.

जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘मांगा’चे, म्हणजे त्याच्या रेखाटनांच्या संग्रहाचे, १५ खंड आहेत, पहिला १८१४चा. मोजक्या रेषांत अख्खं अंग वळवलेली माणसं! शरीररचनेच्या जाडजूड ग्रंथाआधी मी हेच उघडेन.

सिनेमांसाठी काढलेल्या चित्रांची चकचकीत पुस्तकं जपून बघ, शैली उचलायचा मोह होतो. त्यापेक्षा पक्षी ओळखायचं हाताने रंगवलेलं पुस्तक घे. काय दाखवायचं नि काय गाळायचं, हे तिथे शिकतोस.

आणि हो, जोडपान बघताना मधल्या घडीत काय ठेवलंय तेही तपास. माझ्या पहिल्या पुस्तकात नायिकेचं अर्धं नाक शिवणीत गेलं होतं.