ब्लॅक सॅबथ गायक बदलूनही इतकी वर्षं कशी टिकली? पुण्यात आमचा बँड त्यांची गाणी वाजवतो, पण तो जडपणा का येत नाही?

टिकली, कारण गिटारवाला बदलला नाही. १९६८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये चौघं जमले, १९७९मध्ये मूळ गायक ऑझी ऑस्बॉर्नला काढलं, त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला, पुढे गायक-ड्रमर येत-जात राहिले. सगळ्या स्टुडिओ अल्बमवर आहे तो एकटा टोनी आयोमी.

जडपणाचं मात्र सविस्तर सांगतो. पुण्यातल्या दर दुसऱ्या जॅमरूममध्ये एक जाणकार असतोच : "जाड तारा लाव, ट्यूनिंग उतरव." हा सल्ला स्वतःलाच खोडतो.

आयोमी डावखुरा. पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमका फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा दाबणारा हात. त्याने साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, बोटांना बसतील अशी घासली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. नुसतं प्लॅस्टिक तारेवरून घसरतं. बारीक तारांचे सेट तेव्हा मिळत नसत, म्हणून बँजोच्या तारा. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बमात काही गाण्यांना ट्यूनिंग तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धे स्वर, खाली. सगळा खटाटोप तार सैल करण्यासाठी!

तीन सेमीटोन उतरवले की ताण साधारण ३० टक्के घटतो. त्यावर १०चा सेट (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) काढून १२चा लावलात की ताण जवळपास होता तिथेच. वर जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आणि बेंडनंतर, म्हणजे तार ओढून सूर चढवल्यावर, सुरात परतत नाही.

१०चाच सेट ठेवा. जाड तारेपासून सी शार्प, एफ शार्प, बी, ई, जी शार्प, सी शार्प. ताण कमी झाल्याने नेक मागे झुकते आणि पहिल्या फ्रेट्सवर तार खरखरते. ट्रस रॉड (नेकमधली तिचा बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा, रात्रभर थांबा, मगच पुढचं. पावसाळ्यात तर घाई नकोच. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, म्हणजे दाबलेली तार सुरात वाजते का, तपासा. सैल तारेवर जोरात पिक मारलं की सूर चढतो, हात हलका ठेवा. ॲम्पचा गेनही (आवाज फाटवणारं बटण) कमी करा. निम्मं वजन सॅबथच्या गीझर बटलरचा बास गिटारच्या रिफला (पुन्हापुन्हा येणाऱ्या धुनेला) चिकटून चालतो त्यातून येतं. तुमचा बासवाला नुसता रूट (कॉर्डचा मूळ सूर) धरून बसत असेल, तर दोष गिटारचा नाही.

१९७०चे पहिले दोन अल्बम साध्या ट्यूनिंगमध्येच आहेत. उतरवलेल्या गिटारवर 'पॅरानॉइड' रेकॉर्डसोबत वाजवू नका.

आखूड स्केलच्या (तारेची लांबी कमी असलेल्या) गिटारवर तारा फारच लोंबकळल्या तर ११चा सेट चालेल. फ्लोटिंग ब्रिज (स्प्रिंगवर तरंगणारा तारांचा आधार) असेल तर तो मागे बसेल, आधी स्प्रिंगचे स्क्रू सैल करा.