देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिलीच कशाला? ती नसती तर पाप घडलंच नसतं ना?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव सर्वशक्तिमान आहे आणि चांगलाही आहे. मग त्याने माणसाला पाप करण्याइतकी मोकळीक का ठेवली? ती ठेवली नसती तर आदाम आणि हव्वेचं पतन (पहिल्या माणसांनी मनाई केलेल्या झाडाचं फळ खाऊन देवाची आज्ञा मोडणं) टळलं असतं आणि त्यामागून आलेलं दुःखही.

यावर नेहमी मिळणारं उत्तर असं: बळजबरीचं प्रेम हे प्रेमच नव्हे, म्हणून देवाने माणसाला स्वतंत्र ठेवलं. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. तेवढ्यावर थांबलात तर विचार करणारा माणूस लगेच दोन गोष्टी विचारेल. देव स्वतः पाप करू शकत नाही, मग तो स्वतंत्र नाही का? आणि स्वर्गात कोणी पाप करत नाही, मग तिथलं प्रेम बळजबरीचं का? अर्ध्या उत्तराजवळ यावर बोलायला काहीच नसतं. म्हणून आधी स्वातंत्र्य म्हणजे काय, हे नीट करून घ्यावं लागतं.

आपण सहसा असं धरून चालतो की समोर दोन दारं उघडी असणं म्हणजे स्वातंत्र्य. ख्रिस्ती परंपरेचा मुख्य प्रवाह स्वातंत्र्याला याहून मोठं मानतो. चांगलं ओळखणं, ते मनापासून हवंसं वाटणं आणि कोणी ढकलल्याशिवाय ते करणं, ही शक्ती म्हणजे स्वातंत्र्य. चुकता येणं हा या शक्तीचा गाभा नाही. ती अजून पक्की झालेली नाही, एवढंच त्यातून कळतं. भाषेचं पाहा. नवी भाषा शिकणारा लिंग चुकतो, क्रियापद चुकतो. ती भाषा ज्याच्या रक्तात आहे त्याच्या तोंडून तशी चूक निघत नाही. म्हणून तो कमी मोकळेपणाने बोलतो असं कोणी म्हणणार नाही. मोकळेपणाने बोलतो तो तोच. देव पाप करू शकत नाही तो या अर्थाने.

ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनच्या (354 ते 430) लिखाणावरून पुढे चार अवस्थांची मांडणी रूढ झाली. पतनापूर्वी माणसाला पाप टाळता येत होतं आणि करताही येत होतं. पतनानंतर तो स्वतःच्या बळावर पाप टाळू शकत नाही. देवाची कृपा, म्हणजे न कमावता मिळणारी त्याची मदत, मिळाल्यावर पुन्हा टाळू शकतो, पण झगडत. आणि अखेरच्या गौरवात, म्हणजे स्वर्गात, तो पाप करूच शकत नाही. ही चौथी अवस्था सर्वांत स्वतंत्र मानली जाते. म्हणजे देवाने माणसाला पाप करण्यासाठी स्वातंत्र्य दिलं नाही, या चौथ्या अवस्थेला पोचण्यासाठी दिलं. पापाची शक्यता त्या वाटेत येते.

पण वाट तरी कशासाठी? इथे मला बायबलमधलं एक छोटंसं पत्र सर्वांत उपयोगी वाटतं, आणि या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. येशूचा प्रेषित पौल याने फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती माणसाला लिहिलेलं पत्र. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. मालकापासून दूर गेलेला अनेसिम पौलाच्या सहवासात ख्रिस्ती झाला. आता पौल त्याला परत पाठवतो आहे आणि त्याला भाऊ म्हणून स्वीकार असं फिलेमोनाला सांगतो आहे. आठव्या वचनात पौल म्हणतो की तुला आज्ञा करण्याचं धैर्य मला आहे, आणि नवव्यात म्हणतो की तरी प्रीतीखातर विनंतीच करतो. चौदाव्यात कारण येतं: तुझ्या संमतीशिवाय मला काही करायचं नव्हतं, म्हणजे तुझा चांगुलपणा जुलमाचा न होता स्वखुशीचा होईल. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने तो हातात असूनही बाजूला ठेवायचा, कारण त्याला नुसतं काम व्हायला नको आहे, ते करणारा माणूस तसा व्हायला हवा आहे. हुकूम दिला असता तर अनेसिम कदाचित तसाही सुटला असता. फिलेमोन मात्र भाऊ झाला नसता. देव माणसाशी असं का वागतो, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं कारण धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात मांडलं. देव सगळं एकट्याने करू शकतो, तरी स्वतः काही घडवून आणण्याचा मान तो निर्मितीलाही देतो. आणि हे त्याच्या सामर्थ्यात उणीव आहे म्हणून नाही, चांगुलपणा ओसंडतो म्हणून. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, हे गोष्टीच्या रूपात आहे. आपली नजर सरळ त्या मनाई केलेल्या झाडाकडे जाते. पण आदाम स्वतःहून काही ठरवताना प्रथम दिसतो तो प्राण्यांना नावं देताना. तो काय नाव देतो ते पाहावं म्हणून देव प्राणी त्याच्यापुढे आणतो, आणि त्याने दिलेलं नाव तेच कायम होतं (उत्पत्ती 2:19). स्वातंत्र्याची सुरुवात देवासोबत काम करण्यात आहे. झाडाचा मोह त्यानंतर, तिसऱ्या अध्यायात येतो. हा क्रम विसरला की सगळी चर्चा परीक्षेची होऊन बसते: देवाने सापळा लावला आणि माणूस अडकला.

तिसरी गोष्ट ख्रिस्ताविषयी आहे, आणि माझ्या मते सगळा युक्तिवाद शेवटी तिच्यावर उभा राहतो. सातव्या शतकात एक मोठा वाद झाला. येशूला मानवी इच्छा वेगळी होती का, की त्याच्यात फक्त दैवी इच्छाच काम करत होती? 'एकच इच्छा' मानणं राजकीयदृष्ट्या सोयीचं होतं. मॅक्झिमस नावाच्या संन्याशाने ते मानायला नकार दिला. त्याची जीभ आणि उजवा हात कापला गेला आणि 662 मध्ये तो हद्दपारीत मेला. पुढे 680-681 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचीच बाजू मान्य केली: ख्रिस्ताला दोन इच्छा आहेत, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेत विरून जात नाही, ती तिच्यामागे स्वतः चालते. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने केलेल्या प्रार्थनेतलं 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' (लूक 22:42) हे वाक्य इथे निर्णायक ठरलं. जगाचं तारण करतानाही देवाने मानवी इच्छा वगळली नाही, तिच्यातूनच ते केलं. ती वगळणं हा त्याच्या दृष्टीने उपायच नव्हता.

आता स्वातंत्र्य दिलं म्हणजे माणूस हवं तेव्हा चांगलं निवडू शकतो, असं समजू नका. इथे सर्वांत जास्त चुका होतात. 'आज कोणाची सेवा करणार ते निवडा' हे इस्राएल लोकांचा पुढारी यहोशवा याचं वाक्य (यहोशवा 24:15) फार उद्धृत होतं. चारच वचनं पुढे लोक म्हणतात की आम्ही परमेश्वराचीच सेवा करू, आणि यहोशवा उत्तर देतो: तुमच्याने परमेश्वराची सेवा करवणार नाही. निवडा हेही खरं आणि तुम्हाला जमणार नाही हेही खरं, आणि दोन्ही एकाच अध्यायात. येशू म्हणतो की पाप करणारा प्रत्येक जण पापाचा दास आहे (योहान 8:34). पौल रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात म्हणतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही. इच्छा आहे, पण ती आजारी आहे. तिला बरं करायला जी बाहेरून येते ती कृपा.

कृपा आणि इच्छा यांचं नातं पाहायचं असेल तर योहानाचा पाचवा अध्याय पाहा. बेथेस्दा तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस पडून आहे. त्याला स्वतःला बरं करता येत नाही, पाण्यापर्यंतही जाता येत नाही. तरी येशू आधी विचारतो: तुला बरं व्हायचं आहे का?

हे नातं नेमकं कसं चालतं, यावर मंडळ्यांमध्ये खरे मतभेद आहेत आणि ते झाकण्यात अर्थ नाही. माणूस कृपेवाचून स्वतःच्या जोरावर चांगला होऊ शकतो हे पेलाजियसचं मत 418 च्या कार्थेज परिषदेने नाकारलं, ते पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत पुन्हा अधिकृतपणे उभं राहिलं नाही. 1524 मध्ये विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. 1525 मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने उत्तर दिलं की तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बंदिवान आहे. ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये कॅथलिक भूमिका ठरवली: पतनाने इच्छा दुबळी झाली, पण नाहीशी झाली नाही, आणि देवाच्या हाकेला ती होकार किंवा नकार देऊ शकते. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या डॉर्टच्या सभेने (1618-19), कृपेला नकार देता येतो असं मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांविरुद्ध, निर्णय दिला की देव ज्यांना निवडतो त्यांना त्याची कृपा खात्रीने त्याच्याकडे आणते. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली म्हणायचा की देव प्रत्येकाला आधीच इतकी कृपा देतो की त्याला हाकेला उत्तर देता यावं. ऑर्थोडॉक्स परंपरेचा भर देव आणि माणूस यांच्या सहकार्यावर असतो.

एक गैरसमज मात्र दूर करावासा वाटतो. कॅल्व्हिनवादी इच्छास्वातंत्र्य मानतच नाहीत असं सर्रास सांगतात. त्यांच्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाचा नववा अध्याय याच विषयावर आहे आणि त्याची सुरुवातच अशी होते की देवाने माणसाच्या इच्छेला नैसर्गिक स्वातंत्र्य दिलं, तिच्यावर जबरदस्ती होत नाही. वाद इच्छा आहे की नाही याचा नाही. पतनानंतर ती एकटी देवाकडे वळू शकते का, याचा आहे.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत धारदार भाग तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने 1955 मध्ये मांडला. एखादा माणूस एकदा स्वतंत्रपणे चांगलं निवडू शकतो, तर नेहमीच तसं निवडणारी माणसं देवाने का घडवली नाहीत? आल्व्हिन प्लँटिंगाने 1970 च्या दशकात उत्तर दिलं की कोणी काय निवडेल हे त्या निवडीवर अवलंबून असतं. देव माणसाला घडवू शकतो, पण त्याची निवड त्याच्या वतीने करू लागला तर ती त्याची राहत नाही. हा युक्तिवाद फक्त एवढंच दाखवतो की देव आणि दुष्टाई दोन्ही असण्यात तार्किक विरोध नाही. देवाचं प्रत्यक्ष कारण काय, हे तो सांगत नाही, आणि त्याला तेवढं ओझं देऊही नये. शिवाय स्वर्गात पाप नसतं हे मान्य केल्यावर 'मग सुरुवातच तिथून का नाही?' हे उरतंच. यावर मला दुसऱ्या शतकातल्या बिशप आयरेनियसचं म्हणणं जास्त पटतं: माणूस घडवला गेला तो बालकासारखा, वाढण्यासाठी. पक्का स्वभाव तयार करून हातात देता येत नाही, कारण जो विश्वास कधी ठेवलाच नाही तो मुरलेला विश्वास होऊ शकत नाही.

'देवाला आधीच माहीत असतं, मग मी स्वतंत्र कसा?' याचं उत्तर तत्त्वज्ञ बोएथियसने सहाव्या शतकात दिलं. देवाचं ज्ञान काळाच्या आत बसून केलेलं भाकीत नाही. त्याला सगळा काळ समोर आहे. एखादा चालताना तुम्हाला दिसला म्हणून तुम्ही त्याला चालवत नसता.

इस्राएल लोकांना सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाचं, फारोचं, मन देवाने कठीण केलं, हाही हमखास येणारा आक्षेप. निर्गमाचे 7 ते 10 अध्याय क्रमाने वाचताना प्रत्येक वेळी कर्ता कोण आहे हे पाहा. देव हे आधीच सांगून ठेवतो (4:21), पण मिसरवर आलेल्या पहिल्या पाच पीडांत (संकटांत) एकतर फारो स्वतः मन कठीण करतो किंवा ते कठीण झालं एवढंच म्हटलं आहे. 'परमेश्वराने कठीण केलं' हे पीडेनंतर प्रथम येतं ते सहाव्या वेळी (9:12), आणि सातवीनंतर पुन्हा फारोच कर्ता आहे (9:34). पुष्कळ भाष्यकारांच्या मते देव त्याला त्याच्याच हट्टाच्या हवाली करतो. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय घेऊन कॅल्व्हिनवादी याहून पुढे जातात, हेही लक्षात असू द्या.

या उत्तराची मर्यादाही सांगायला हवी. भूकंप, रोग, तान्ह्या मुलाचा मृत्यू यांचा उलगडा माणसाच्या निवडीने सरळ होत नाही. पौल सगळी सृष्टी कण्हत आहे असं म्हणतो (रोमकरांस 8:22) आणि आशेबद्दल बोलतो. दुःखाचा हिशेब तो मांडत नाही. म्हणून नुकतंच कोणी गमावलेल्या माणसासमोर इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद कृपा करून करू नका. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे मित्र देवाची बाजू मांडत होते आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला (ईयोब 42:7).

स्वतः वाचून ठरवायचं असेल तर आधी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा, अवघी 25 वचनं आहेत. मग यहोशवा 24 पूर्ण. त्यानंतर रोमकरांस 7 आणि 8, पण एका बैठकीत. सातव्याशी थांबलात तर हाती फक्त बंदिवान इच्छा राहते. तिच्या सुटकेचं स्पष्ट वाक्य आठव्याच्या अगदी सुरुवातीला आहे.