आधी केसपेपर नीट लिही

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं. इंटर्नशिप संपत आली आहे, पुढे फॉरेन्सिक ओडोंटोलॉजी, म्हणजे दातांवरून माणसाची ओळख आणि पुरावा शोधण्याचं शास्त्र, करायचं मनात आहे, आणि घरचे ‘मग दवाखाना कधी टाकणार?’ म्हणून काळजीत आहेत. घरच्यांना कसं समजवायचं ते तुला माझ्याहून चांगलं कळतं, म्हणून त्यात पडत नाही. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. उत्तर कदाचित तुला फिकं वाटेल, पण मी ते पूर्ण विचार करून देते आहे: उद्या ओपीडीत जो पहिला पेशंट येईल, त्याचा केसपेपर पूर्ण आणि खरा लिहिण्यापासून.

तुमच्या ओरल पॅथॉलॉजीच्या सेमिनारमध्ये हा विषय बहुधा कनौजच्या राजा जयचंदापासून सुरू होतो. रणांगणावर त्याचा देह खोट्या दातांवरून ओळखला, अशी ती गोष्ट. सांगायला हरकत नाही, पण शिकायचं असेल तर बॉस्टनपासून सुरू कर, कारण तिथे कोर्टातली साक्ष आहे. नोव्हेंबर १८४९ मध्ये जॉर्ज पार्कमन नावाचा शहरातला धनाढ्य गृहस्थ बेपत्ता झाला. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा प्राध्यापक जॉन वेबस्टर त्याचा कर्जदार होता. वेबस्टरच्या प्रयोगशाळेत मानवी देहाचे तुकडे सापडले आणि भट्टीच्या राखेत चिनी मातीच्या दातांचे अवशेष मिळाले. डॉ. नेथन कीप या दंतवैद्याने ते पाहिले आणि आपलं काम ओळखलं. तीन वर्षांपूर्वी, १८४६ मध्ये, त्यानेच पार्कमनची कवळी केली होती. पार्कमनचा खालचा जबडा चांगलाच पुढे आलेला होता, त्यामुळे कवळीचा आकार नेहमीचा नव्हता. शिवाय जिभेला जागा पुरेना म्हणून ती नंतर आतून घासावी लागली होती. कीपने तेव्हाचे साचे जपून ठेवले होते. मार्च १८५० मध्ये त्याने कोर्टात साचा ठेवला आणि जळलेले तुकडे त्यात बसवून दाखवले. वेबस्टरला ऑगस्टमध्ये फाशी झाली.

या खटल्यात सगळे भट्टीतल्या दातांचं नवल करतात. मला महत्त्वाचा वाटतो तो साचा. तो कीपने टाकून दिला असता, तर राखेतले दात कुणाचे तरी दात एवढंच राहिलं असतं. आपली सगळी विद्या तुलनेवर उभी आहे. एका बाजूला मृत्यूनंतर आपण काय पाहिलं ते, दुसऱ्या बाजूला तो माणूस जिवंत असताना कुणीतरी काय नोंदवलं ते. पहिली बाजू शिकवता येते. दुसरी बाजू अशा एखाद्या दंतवैद्याच्या हातात असते, ज्याला आपण पुरावा तयार करतो आहोत याची कल्पनाही नसते. येत्या काही वर्षांत तोच दंतवैद्य तू असणार आहेस.

दातच का, हे तुला ठाऊक आहे, तरी थोडं सांगते. एनॅमल सुमारे ९६ टक्के खनिज असतं, शरीरात त्याहून कठीण काही नाही. देह जळाला, कुजला, पाण्यात महिनोन्‌महिने राहिला तरी दात टिकतात. आगीत पुढचे दात आधी करपतात, मागच्या दाढांना गाल आणि जीभ बराच वेळ आडोसा देतात. चांदीचं फिलिंग, पोर्सेलिनची कॅप, टायटॅनियमचं इम्प्लांट हेही आगीतून बऱ्याचदा शाबूत निघतं. म्हणूनच इंटरपोलने सामूहिक दुर्घटनांसाठी ओळखीचे जे तीन मुख्य मार्ग मानले आहेत, त्यांत बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या बरोबरीने दात आहेत. चेहरा, कपडे, अंगावरचे दागिने हे दुय्यम. शोकात असलेल्या नातेवाइकाची नजर चुकू शकते, आणि एक देह चुकीच्या घरी गेला की दोन घरांवर अन्याय होतो.

आता प्रत्यक्ष काम. जळून पांढरट झालेला दात हात लावताच भुगा होतो. त्यामुळे देह हलवण्याआधी जागेवरच फोटो घ्यायचा आणि असे दात फवारा किंवा पातळ गोंद लावून पक्के करायचे. देह कुजलेला असेल तर एका मुळाचे पुढचे दात हिरडीतून सुटून खाली पडलेले असतात. पंचनाम्याच्या वेळी कुणी सांगितलं नाही तर ते तिथेच राहतात आणि शवागारात आपल्यापुढे रिकामी खोबण येते. तपास अधिकाऱ्याला विनंती कर की डोक्याखालची माती चाळून स्वतंत्र पाकिटात घ्या, सील करा, लेबल लावा. चांगला अधिकारी हे एकदा सांगितलं की कायमचं धरतो. रिकामी खोबणही नीट पाहा. तिच्या कडा तीक्ष्ण असतील तर दात मृत्यूच्या सुमारास किंवा नंतर गेला, हाड भरून गोलावलेलं असेल तर तो कितीतरी आधी काढलेला आहे.

तुलना करताना एक गोष्ट मनात पक्की बसव. जुन्या नोंदीत दात आहे आणि देहात नाही, तर तो फरक समजावता येतो, मधल्या काळात काढला असेल. पण जुन्या नोंदीत दात काढलेला आहे आणि देहात तोच दात जागेवर उभा आहे, तर तो माणूस तो नव्हे. मग बाकीच्या दहा गोष्टी जुळल्या तरी उपयोग नाही. फिलिंगचंही तसंच, लहानाचं मोठं होतं, मोठ्याचं लहान होत नाही. आणि ‘किती मुद्दे जुळले की ओळख पटली?’ असं कोर्टात विचारतील, तेव्हा आकडा सांगू नकोस, कारण तसा ठरलेला आकडा नाही. एका मुळाची विचित्र वळण असलेली रूट कॅनल दोन एक्स-रेंत हुबेहूब दिसली तर ती एकटी पुरेशी ठरू शकते. उलट, बत्तीसच्या बत्तीस निरोगी दात असलेल्या दोन तरुणांमध्ये केवळ दातांच्या नोंदींच्या तक्त्यावरून फरक करणं अवघड आहे. तिथे एक्स-रेच लागतो.

इथेच आपल्या देशाचं दुखणं येतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी पर्यटक खूप होते. युरोपातल्या पर्यटकांची ओळख मोठ्या प्रमाणात दातांवरून पटली, कारण त्यांच्या गावच्या डेंटिस्टकडे एक्स-रे होते. स्थानिक थाई लोकांसाठी तोच मार्ग फारसा चालला नाही. दात त्यांचेही तितकेच टिकले होते, कागद नव्हता. आपल्याकडे १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली आणि २५ जण गेले. देह ओळखण्यापलीकडे होते, बहुतेकांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. त्या प्रवाशांपैकी कुणाची दाढ नागपुरात भरली असेल, कुणाचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, पुण्यात काढला असेल. पण ते शोधून काही तासांत बुलढाण्याला पोचवेल अशी यंत्रणा आपल्याकडे नाही. मला याचा त्रास होतो, आणि तुलाही व्हावा असं वाटतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादच्या विमान अपघातानंतर ओळखीचा मुख्य भार डीएनएवर होता, दातांचे जाणकारही त्या कामात होते. त्या विमानात मुंबई परिसरातले कर्मचारीही होते. डीएनएला नातेवाइकाचा नमुना लागतो, प्रयोगशाळा लागते, दिवस जातात. एक्स-रे हाती असेल तर दातांची तुलना कधी कधी तासाभरात होते.

म्हणून केसपेपर. ‘दाढ भरली’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. कुठली दाढ, कुठला पृष्ठभाग, कुठलं मटेरियल, तारीख. तू ज्या दाताला हात लावलास तेवढाच नव्हे, पूर्ण तोंड एकदा तरी चार्ट कर. जन्मतः नसलेले दात, आडवा आलेला सुळा, पटाशीच्या दातांमधली फट, सगळं. एक्स-रेवर नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू हवीच. आरव्हीजी, म्हणजे डिजिटल एक्स-रे, कॉम्प्युटरवर नुसते ‘न्यू पेशंट ३’ नावाने पडून असतात, ते कुणाच्या उपयोगाचे? दाताचे नंबर कुठल्या पद्धतीने लिहिले तेही नोंदव. आपण एफडीआय या जागतिक दंतवैद्यक संघटनेचे दोन आकडे वापरतो, अमेरिकेत एक ते बत्तीस असे सरळ मोजतात. आपल्याकडचा १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ, तिकडचा १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ, आपला २६. आज प्रत्येक गल्लीतलं कुणीतरी न्यू जर्सीत किंवा टेक्ससात आहे, आणि सुट्टीत आलं की इथेच दात करून जातं. फाइल त्या देशातून या देशात आली की हा फरक एखाद्याची ओळख नाकारायला पुरतो.

पोलिसांनी रेकॉर्ड मागितलं तर लेखी पत्र घे. मूळ कागद दिलेस तर पोच घे, प्रत स्वतःकडे ठेव. आणि कागद मिळालाच नाही तर घरच्यांकडे हसरे फोटो मागायचे. लग्नाचा अल्बम, मोबाइलमधली सेल्फी. वाकडा दात, तुटलेली कड त्यात स्पष्ट दिसते. फोटो मागताना सावकाश बोल. ज्यांच्याकडे तू ते मागते आहेस, ते अजून फोनची वाट पाहत असतात.

वय ठरवण्याबद्दल थोडंसं. लहान मुलांत दात तयार होण्याचे टप्पे चांगले साथ देतात, १९७३ ची डेमिर्जियनची पद्धत तू शिकली आहेसच. ती मुळात कॅनडातल्या फ्रेंच वंशाच्या मुलांवर बेतलेली आहे, आपल्या मुलांना लावताना भारतीय सूत्रं बघ. खरी कसोटी अठराच्या उंबरठ्यावर लागते, कारण तिथे पॉक्सो आणि बालन्याय कायदा दोन्ही येऊन थांबतात आणि आपल्या हातात फक्त अक्कलदाढ उरते. ती माणसागणिक इतकी मागेपुढे होते की अचूक वय सांगणारा अहवाल मला संशयास्पद वाटतो. मर्यादा लिही, खालची आणि वरची. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं ९४ वं कलमही आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला मागतं, वैद्यकीय तपासणी त्यानंतर.

आता चाव्याच्या खुणा. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त उत्साह याच भागाबद्दल दिसला, म्हणून इथे मी जरा कडक होते. कातडी लवचिक असते, सुजते, ताणली जाते, दिवसागणिक खुणेचा आकार बदलतो. त्या खुणेवरून ‘हेच दात, दुसरे कुणाचे नाहीत’ असं ठामपणे सांगणाऱ्या साक्षींनी अमेरिकेत निरपराध माणसं तुरुंगात गेली आहेत. ॲरिझोनातल्या रे क्रोनला १९९२ मध्ये अशाच साक्षीवर फाशीची शिक्षा झाली, फेरखटल्यातही तो दोषीच ठरला, आणि २००२ मध्ये डीएनएने त्याला निर्दोष ठरवलं. व्हर्जिनियाचा कीथ हारवर्ड तेहतीस वर्षं आत राहून २०१६ मध्ये सुटला. त्याच वर्षी टेक्ससच्या फॉरेन्सिक आयोगाने, खुणेवरून आरोपी ठरवण्याच्या या पद्धतीला वैज्ञानिक आधार मिळेपर्यंत ती कोर्टात वापरू नये, अशी शिफारस केली. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या आढाव्यानेही पुढे हेच म्हटलं की या पद्धतीला पुरेसा वैज्ञानिक पाया नाही.

तू म्हणशील, मग दिल्लीचा २०१२ चा निर्भया खटला? तिथे पीडितेच्या अंगावरच्या खुणांचे फोटो धारवाडच्या दंत महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडे गेले, आरोपींच्या दातांच्या साच्यांशी तुलना झाली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अहवाल ग्राह्य धरला. खरं आहे. पण निकाल वाच, बातम्या नकोत. तिथे पीडितेचे मृत्यूपूर्व जबाब होते, डीएनए होता, बाकी जप्ती होती. दातांचा अहवाल त्यांना पुष्टी देणारा एक दुवा होता. एकट्या खुणेवर कुणाला दोषी ठरवायला तुझी साक्ष वापरली जाते आहे असं दिसलं, तर पिंजऱ्यात उभी राहून स्वतःहून सांग की माझा पुरावा तेवढं वजन पेलणारा नाही. सरकारी वकील नाराज होतील. होऊ देत.

आणि खूण दिसली की पहिला विचार लाळेचा कर. जखम धुण्याआधी एक ओला स्वॅब, मग त्याच जागी एक कोरडा, दोन्ही सावलीत वाळवून वेगळ्या पाकिटात. त्या लाळेतला डीएनए आकाराच्या कुठल्याही तुलनेपेक्षा भक्कम बोलतो. नंतर एल आकाराची मोजपट्टी शेजारी ठेवून, कॅमेरा अगदी काटकोनात धरून फोटो. जिवंत पीडितेच्या बाबतीत हे सगळं तिची संमती घेऊन, तिच्या सोयीने आणि अंग झाकून. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरांना आणि रेसिडेंटना तू हे शिकवलंस, तर पदवी मिळायच्या आधीच तुझं अर्धं काम झालेलं असेल.

शिक्षणाचं म्हणशील तर गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पण पोट फक्त यावर भरेल अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत, हे घरच्यांपासून लपवू नकोस. क्लिनिक चालवत हे काम करणारे बरेच आहेत आणि मला ती व्यवस्था वाईट वाटत नाही. रोज जिवंत तोंडं पाहणारा माणूस मृताचा एक्स-रे जास्त चांगला वाचतो.

सोबत पेन ड्राइव्ह पाठवते आहे. त्यात नावं झाकलेले जुने आणि नवे ओपीजी आहेत, काही जोड्या जुळणाऱ्या, काही न जुळणाऱ्या, काहींत एक बाजू इतकी अपुरी की ठरवताच येऊ नये. प्रत्येक जोडीपुढे चारांपैकी एकच लिही: ओळख निश्चित, ओळख शक्य, पुरावा अपुरा, ओळख नाकारली. खाली कारण दोन ओळींत, वकिलाला आणि मृताच्या भावाला दोघांनाही कळेल अशा मराठीत. ‘पुरावा अपुरा’ लिहावं लागेल तिथे बेधडक लिही, मी त्याचे गुण कापणार नाही. झालं की घेऊन ये, बसून एकेक पाहू.

तुझी,
मॅडम